तारांचे दप्तर

मोटारगाडीच्या पोटात वीज शिरली ती चोरपावलांनी. पाहुणी म्हणून आली, ओसरीवर टेकली आणि पाहता पाहता माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली सारे बळकावून बसली. १८८६ साली कार्ल बेंझने ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तिच्यात विजेला एकच काम होते: पेट्रोलच्या वाफेत ठिणगी पाडणे. दिवा नाही, भोंगा नाही, काही नाही. रात्री गाडी हाकण्याची हौस कोणाला असलीच, तर त्याने घोड्याच्या बग्गीला लावतात तसे तेलाचे कंदील लावावेत आणि देवाचे नाव घेऊन निघावे.

पुढे कार्बाइडचे दिवे आले. एका डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यातून त्यांवर थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा अॅसिटिलीन वायू आणि त्याची पांढरीशुभ्र ज्योत. आपल्याकडे जत्रेतल्या दुकानांवर हे दिवे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यांचा तो उग्र, लसणीसारखा वास अजून आठवत असेल. मोटारवाल्यांनी हा वास कित्येक वर्षे सोसला. वाटेत पाणी संपले की दिवाही संपे. रात्रीच्या प्रवासात इंजिनाला पाणी, माणसाला पाणी आणि दिव्यालाही पाणी, असा तिहेरी बंदोबस्त ठेवावा लागे.

हा इतिहास मी पुस्तकांतून पूर्वीच वाचला होता. परंतु वाचणे निराळे आणि हाताला काळे लागून कळणे निराळे. आमच्या घरी १९५१ सालची एक मॉरिस मायनर आहे. तिचे सगळे वायरिंग जुने काढून नवे घालण्याचा उद्योग मी घरच्या पडवीत बसून केला, आणि मग माझ्या ध्यानात आले की गाडीतला तारांचा तो जुडगा म्हणजे एक दप्तर आहे. राजवाड्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा केले, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्या थोरांच्या पंक्तीला बसण्याचा माझा विचार नाही. पण माझ्यापुढे चटईवर पसरलेले ते मळकट, चिकट भेंडोळे मी वाचू लागलो, तेव्हा मोडी कागद लावताना माणसाला काय गोडी लागत असेल याची थोडी कल्पना आली.

उद्योग करावा लागला तो हौसेपोटी नव्हे. गाडी चालवताना एक करपट वास येऊ लागला होता. गल्लीतला इलेक्ट्रिशियनचे काम शिकलेला मुलगा पाहायला आला. त्याने डॅशबोर्डखाली हात घालून एक तार जरा वाकवली, तर तिच्यावरच्या रबराचा चुरा त्याच्या तळहातावर पडला. तो म्हणाला, "काका, ही तार नाही, नुसते पोपडे आहेत. दोन उघड्या तारा एकमेकींना शिवल्या की गाडी गेली." यात काही अतिशयोक्ती नव्हती. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत एक खास गोष्ट असे: साऱ्या गाडीला मिळून दोन फ्यूज, आणि पुढच्या मोठ्या दिव्यांना तर फ्यूजच नाही. भर रात्री, भर वेगात फ्यूज उडून एकाएकी काळोख होण्यापेक्षा तार तापलेली परवडली, असे त्याचे समर्थन केले जाई. तारा नव्या असतात तोवर ते पटतेही. सत्तर वर्षांच्या रबराशी मात्र असला उदारपणा चालत नाही. प्रत्येकी चाळीसेक वॅटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टच्या गाडीत जवळजवळ सात अँपिअरचा प्रवाह. पण तार बॉडीला चिकटून शॉर्ट झाली तर हिशेब अँपिअरच्या घरात राहत नाही. बॅटरीत असेल नसेल तेवढे सारे त्या एका तारेतून धावते, आणि तार शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते.

तेव्हा वायरिंग काढणे भाग होते. ते कसे काढले हे सांगण्यापूर्वी वीज ओसरीवरून माजघरात कशी आली ते सांगितले पाहिजे, नाहीतर त्या भेंडोळ्यातल्या निम्म्या तारांचा अर्थ लागणार नाही.

१९१२ सालापर्यंत मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलट झटका दिला की मनगट मोडे, कधी जबडाही. अमेरिकेत एक गोष्ट सांगतात. बायरन कार्टर नावाचा एक मोटार कारखानदार वाटेत बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीला हँडल मारायला गेला, त्या हँडलाचा तडाखा तोंडावर बसला आणि पुढे त्यातच त्याचा अंत झाला. त्याचा स्नेही, कॅडिलॅक कंपनीचा हेन्री लेलँड, हळहळला आणि त्याने ठरवले की आपल्या गाडीने पुन्हा कोणाचा जीव घ्यायचा नाही. या कथेतल्या तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मलाही ती थोडी आख्यायिकेसारखी वाटते. पण पुढचा भाग पक्का आहे. लेलँडने हे काम चार्ल्स केटरिंग याच्याकडे सोपवले. हा केटरिंग पूर्वी डेटन गावी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता, आणि तिथे त्याने गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवून दाखवले होते. इंजिन फिरवण्याजोगी मोटर बनवायची तर ती इंजिनाएवढीच अवजड होईल, असे बाकीचे इंजिनिअर म्हणत होते. गल्ल्यावर काम केलेल्या माणसाला ठाऊक होते की मोटरला जोर लावायचा तो क्षणभरच. क्षणभर तिच्यावर कुवतीबाहेर भार टाकला तर ती जळत नाही. एवढ्याशा या विचाराने १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये 'सेल्फ' आला.

आणि सेल्फ आला म्हणजे एकटा आला नाही. त्याला मोठी बॅटरी हवी. बॅटरी भरायला इंजिनावर चालणारा डायनॅमो हवा. डायनॅमो इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त वीज देणार, म्हणून त्याला आवरायला नियंत्रक हवा, ज्याला आपले मिस्त्री सरसकट 'कटआउट' म्हणतात. एवढा सारा संसार थाटल्यावर मग दिवे तेवढे कार्बाइडचे कशाला ठेवायचे? दिवे विजेचे झाले. भोंगा झाला. काच पुसणारा वायपर झाला. थोडक्यात, प्रत्येक मोटार स्वतःचे एक छोटेसे वीजघर बरोबर घेऊन हिंडू लागली. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमध्ये हा संसार पुरवला तो मुख्यतः बर्मिंगहॅमच्या लुकासने. मूळ पुरुष जोसेफ लुकास हा हातगाडीवर रॉकेल विकत गल्लोगल्ली फिरणारा माणूस. तेलाबरोबर दिवे विकू लागला, मग ते बनवू लागला, आणि १८७० नंतरच्या दशकात त्याने सायकलसाठी केलेल्या दिव्याला 'किंग ऑफ द रोड', म्हणजे रस्त्याचा राजा, असे झोकदार नाव दिले. पुढे या घराण्याचे दिवे, डायनॅमो आणि स्विच बहुतेक साऱ्या ब्रिटिश गाड्यांत जाऊन बसले. तेव्हा कोणी वात्रटाने रस्त्याच्या राजाला दुसरी पदवी बहाल केली: 'प्रिन्स ऑफ डार्कनेस', अंधाराचा युवराज. हा विनोद जगभर झाला आहे. माझे मत विचाराल तर त्यात अन्याय फार आहे. जुन्या गाडीतला दिवा मिणमिणतो तो बहुधा दिव्याच्या दोषाने नव्हे. दिवा बॉडीला जिथे जोडलेला असतो तिथे गंज धरलेला असतो, आणि वीज गेली तशी परत यायला वाट नसते. पत्रा खरवडून चकचकीत केला की युवराज पुन्हा राजा होतो.

लुकासवाल्यांनी एक मोठे शहाणपणाचे काम केले. त्यांनी तारांना रंगांची भाषा दिली. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून आलेली मूळ वीज. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जागी होणारी. हिरवी म्हणजे किल्लीनंतर आणि फ्यूजमधून गेलेली. वायपर, साईड दाखवणारे हात वगैरे तिच्या पदरात. निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची, जांभळी फ्यूजमधून जाणारी पण सदैव जागी असलेली, आणि काळी म्हणजे बॉडीला, अर्थला जाणारी. मुख्य रंगावर दुसऱ्या रंगाचा धागा असला की ती त्या घराण्याची शाखा. ही बाराखडी एकदा पाठ झाली की कोणत्याही ब्रिटिश गाडीचे वायरिंग पत्रासारखे वाचता येते.

अडचण एवढीच की आमच्या दप्तराची शाई उडाली होती. त्या काळी तारेवर रबर आणि रबरावर रंगीत सुताची वीण असे. धूळ, तेल आणि उन्हाने साऱ्या विणी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. पण जिथे तार पत्र्याच्या क्लिपखाली दबलेली होती किंवा रबराच्या टोपीत शिरलेली होती, तिथे क्लिप काढली की बोटभर जागेत मूळ रंग लख्ख दिसे. दोन्ही टोकांना मीटर लावून तार तीच असल्याची खात्री करायची आणि चिठ्ठी बांधायची. तीन आठवडे आमच्या पडवीत चिठ्ठ्यांचा पाऊस पडला होता. घरातल्या मंडळींनी तो पाऊस शांतपणे सोसला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

भेंडोळे जसजसे उकलत गेले तसतसे त्याचे थर दिसू लागले. सर्वांत आत ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील कारखान्यातल्या तारा: नीट, एकसारख्या, ठराविक अंतरावर फाटा फुटणाऱ्या. त्यांच्यावर आपल्या देशातल्या मिस्त्र्यांचे हात. कुठे घरात ट्यूबलाइटला वापरतात ती पांढरी तार, कुठे दुसऱ्याच कोणत्या गाडीची कापून आणलेली. या जोडकामाला पाहून हसणे सोपे आहे. पण त्यामागे देशाचा इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. केवळ बाहेरचे भाग आणून जोडणाऱ्यांना आता देशात जागा नाही, गाडी इथेच बनली पाहिजे, असे सरकारचे धोरण ठरले होते. धोरण योग्यच होते. त्यात परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि ज्याचा भाग मिळत नाही त्यावर तोडगा काढणारा मिस्त्री हा गावोगावचा मोठा माणूस ठरला. मॉरिसवाल्यांचे नशीब त्यातल्या त्यात बरे. कारण कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स मॉरिसच्याच घराण्यातल्या गाड्या करीत होती. १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएसची स्थापना झाली आणि डायनॅमो, सेल्फ वगैरे सामान या देशात बनू लागले.

तारांचा तर पुण्याशीच संबंध आहे. कराचीहून आलेल्या छाब्रिया बंधूंनी १९५८ साली पुण्यात फिनोलेक्सचा उद्योग सुरू केला तो मोटारींना लागणाऱ्या पीव्हीसीच्या तारा बनवण्यासाठी. पीव्हीसीला रबरासारखे पोपडे येत नाहीत. त्याचे रंगही उडत नाहीत. माझ्या दृष्टीने या गोष्टीचा दुसराही उपयोग झाला. जी जोडतार पीव्हीसीची ती साधारण त्यानंतरची, जी रबर-सुताची ती बहुधा त्याआधीची, अशी कालगणना मला मिळाली. मातीच्या भांड्यांच्या खापऱ्यांवरून उत्खननकार काळ ठरवतात, तसेच हे.

आणि या कालगणनेनेच मला कोड्यात टाकले. मागच्या आसनाखालून एक जाड तार जात होती. ती मूळ आराखड्यात नव्हती. बॅटरीजवळ तपकिरी तारेला जोड देऊन ती निघाली होती आणि डाव्या दाराच्या खांबाजवळ लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या एका दोन छिद्रांच्या सॉकेटपाशी संपत होती. रबर-सुताची, म्हणजे जुनी. जोडही असा सुबक, की वर गुंडाळलेला दोरा अजून सुटला नव्हता.

माझे वडील डॉक्टर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी दवाखाना चालवला, आणि ही गाडी त्यांनी १९५६ साली जुनी म्हणून घेतली. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर होत्या. फेब्रुवारी १९५७च्या पानावर मोटारीच्या खात्यात तार, बल्ब आणि सॉकेट यांचा खर्च मिळाला. रुपये-आणे-पैमध्ये, कारण नवे पैसे त्या वर्षीच्या एप्रिलपासून आले. मग आईने पूर्वी सांगितलेली एक हकीकत आठवली, जी मी लहानपणी अर्धवट ऐकून सोडून दिली होती.

आडगावी बाळंतीण अडली की बोलावणे रात्रीचेच यायचे. भूल देण्यासाठी ईथर वापरायचे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, आणि वाटेत ज्योत भेटली की भडकते. घरात उजेड कशाचा, तर कंदिलाचा किंवा चिमणीचा. म्हणजे भूल द्यायची तर दिवा बाहेर न्यायचा, आणि दिवा बाहेर नेला तर दिसायचे कसे? वडिलांनी गाडी घराच्या दाराशी लावून, सॉकेटमधून लांब तार आत नेऊन, घराच्या वाशाला एकवीस वॅटचा मोटारीचा बल्ब टांगण्याची युक्ती काढली. पिन घालण्या-काढण्याची ठिणगी पडलीच तर ती बाहेर, गाडीत. बल्ब वर, वाशाला, वाफेपासून दूर. पावणेदोन अँपिअर घेणारा हा दिवा चाळीसेक अँपिअर-तासांच्या बॅटरीवर रात्रभर जळू शके. पहाटे बॅटरी बसलेली असली तर हँडल होतेच. केटरिंगने हद्दपार केलेले ते हँडल मायनरमध्ये अजून होते, आणि आई सांगे की बाळंतिणीचे दीर-भाऊ ते मारायला चढाओढीने पुढे येत.

प्रत्येक मोटार स्वतःचे वीजघर घेऊन हिंडू लागली, असे मी वर म्हटले ते इथे लागू पडते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली सुरू झाली. त्यापूर्वी आमच्या त्या खोऱ्यातल्या कित्येक वाड्यांत पहिला विजेचा दिवा लागला तो सरकारी तारेवर नव्हे; दाराशी उभ्या असलेल्या एका मळक्या मॉरिसच्या बॅटरीवर लागला, आणि तोही एखादा जीव जन्माला येत असताना. हे कोणत्याही गॅझेटियरात नोंदलेले नाही. नोंद होती ती त्या जाड तारेत.

आता प्रश्न असा पडला की नवे वायरिंग करताना ही तार ठेवायची की नाही? जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक पंथ कट्टर आहे. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच हवी, नंतरचे सारे उपरे, असे ते मानतात. माझा एक मित्र या पंथाचा आहे. त्याने सॉकेट काढून ठोकळ्याची छिद्रे बुजवण्याचा सल्ला दिला. दुसरीकडे आमच्या नातवाचे म्हणणे असे की सॉकेट ठेवाच, पण मोबाइल चार्ज करण्यासाठी. त्याला मी नकार दिला तो रागाने नव्हे. आमच्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटिश गाड्यांनी ही रीत घेतली, तारांची टोके कमी गंजतील या आशेने. आणि १९६० नंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आले तेव्हा सोडली. आजची उपकरणे बॉडीला ऋण टोक धरून चालतात. पुष्कळांनी जुन्या गाड्या उलटवून घेतल्या आहेत. मी मूळची रीत ठेवली. डायनॅमो शाबूत आहे, आणि ताशी पस्तीस मैलांच्या आमच्या प्रवासाला तो पुरतो.

मित्राचेही ऐकले नाही. एका फळीवर खिळे ठोकून त्यांवर नव्या तारा गाडीतल्या वळणांप्रमाणे मांडल्या. चौदा, अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस पदरी, जिथे जेवढा भार तिथे तेवढी. टोकांना डाख दिला. राळेच्या वासाने पडवीत संध्याकाळी धूप घातल्यासारखे वाटे. आतली तार पीव्हीसीची, पण वरून गुंडाळी सुती पट्टीची, म्हणजे दिसायला जुनीच. पट्टी बाजारात मिळेना तेव्हा परकराच्या नाडीचे लोकर-सूतवाले दुकान कामी आले. मोठ्या दिव्यांना मी फ्यूज दिले, डाव्या आणि उजव्याला वेगवेगळे, म्हणजे एक गेला तरी दुसरा जळेल. काउलीच्या लोकांनी याबद्दल मला क्षमा करावी.

आणि मागच्या सॉकेटची तार पुन्हा घातली. लुकासच्या बाराखडीत तिला जागा आधीच होती: सदैव जागी आणि फ्यूजमधून जाणारी, म्हणून जांभळी. वडिलांच्या तारेला फ्यूज नव्हता. आताच्या तारेला आहे. नवा आराखडा मी स्वच्छ काढून दाराच्या खणात ठेवला आहे, त्यात ही रेघ काढली आहे, आणि तिच्यापुढे १९५७ असे लिहिले आहे.

जुने भेंडोळे चिठ्ठ्यांसकट गुंडाळून जमाखर्चाच्या वह्यांशेजारी माळ्यावर गेले. गाडीचे सारे दिवे लागतात. पेट्रोलचा पंप किल्ली फिरवली की टिकटिक करतो, इंजिन सुरू झाले की तांबडा दिवा विझतो. दोन्ही खांबांतून साईड दाखवणारे नारिंगी हात वर उठतात. रस्त्यावरच्या तरुण मंडळींना त्यांचा अर्थ कळत नाही, म्हणून मी खिडकीतून स्वतःचाही हात काढतो. डाव्या बाजूचा हात पावसाळ्यात अडकतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की उठतो.